नॅट विमानाच्या मॉडेलला चांदीचा रंग द्यायचाय, पण आपल्याकडच्या उन्हात रंग खरबरीत येतोय, मदत हवी

अक्कलकोटरोडकर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहतो. प्लॅस्टिकची विमानं जोडायला लागून दीड वर्ष झालंय, आत्तापर्यंत तीन झाली, स्पिटफायर, मस्टँग आणि मिग-21, तिन्ही 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. चौथं आता हातात घेतलंय आणि ते बिघडून चालणार नाही म्हणून सुरू करायच्या आधीच विचारतोय.

माझे थोरले मामा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, 1967 ला भरती झाले आणि सुरवातीची वर्षं नॅट ह्या छोट्या लढाऊ जेट विमानावर गेली. घरात त्यांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, ओव्हरऑल घालून विमानाच्या शेजारी उभे आहेत, हात पंखावर ठेवलाय. विमान चकचकीत, कॅमोफ्लाज नाही. जूनमध्ये मामांचा वाढदिवस आहे, तोवर तेच विमान करून त्यांच्या हातात द्यायचंय. किट आलंय, सिंगल सीटर नॅट, 1/72, झेक शॉर्ट-रन किट आहे, थोड्याच संख्येत काढलेलं, म्हणजे पार्ट बसवायला पिना वगैरे काही नाहीत.

आता अडचणी सांगतो. मिगला मी मार्चमध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेननं, रंग दिला. रंग असा बसला की बोट फिरवलं तर रव्यावरून फिरवल्यासारखं लागतंय. वरून शेजारी टॉवेलचे लूम आहेत, दिवसभर तूस उडतंय, ते रंगात चिकटलं. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चिन्हं, लावले तर पारदर्शक भागाखाली सगळं पांढरं चमकायला लागलं. दुसरा रंग मारायला हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप लावली, काढताना खालचा रंग घेऊन आली. आणि कॅनोपी, म्हणजे पायलटवरची काच, फेविक्विकनं चिकटवली ती दुसऱ्या दिवशी आतून धुकं धरल्यागत झाली.

एवढं सगळं मिगमध्ये झालंय, नॅटमध्ये व्हायला नको. चांदीचा रंग सगळ्यात अवघड असतोय असं वाचलंय. कुठून सुरू करू?

पुणेरी_बहात्तर

दादा, आधी विषयाबद्दल अभिनंदन, आपल्या एअरफोर्सची विमानं करणारे कमी आणि त्यात नॅट करणारे अजून कमी.

रव्यासारखं येतं त्याला ड्राय स्प्रे म्हणतात. ॲक्रिलिक रंगाचा थेंब एअरब्रशच्या नोझलमधून निघून प्लॅस्टिकवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो, मग तिथं ओला थेंब पसरत नाही, वाळलेला कण जाऊन चिकटतो. मार्चची सोलापूरची दुपार आणि वर पत्र्याची शेड म्हणजे ह्याला लागतं ते सगळं हजर. तुम्ही लांबून मारत असाल आणि प्रेशर पण जास्त ठेवलं असेल असं वाटतंय. 1/72 ला मी 8-10 सेंटीमीटरवरून मारतो, प्रेशर 15 पीएसआयच्या आसपास, रंग दुधाइतका पातळ, कपाच्या आतल्या बाजूला लावला की ओघळून मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. उन्हाळ्यात कपात रिटार्डरचे एक-दोन थेंब, त्यानं वाळणं लांबतं. सुईच्या टोकाला पण रंग सुकून बसतो आणि मग फवारा थुंकल्यासारखा येतो, दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या इअरबडनं टोक पुसून घ्यायचं.

चांदीबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात घ्या, चांदी काही लपवत नाही. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजखाली सांध्याची बारीक रेघ खपून जाते, चांदीखाली 600 नंबरच्या पॉलिश पेपरचा ओरखडासुद्धा दिसतो. म्हणून ह्या मॉडेलचं 80 टक्के काम रंगाच्या आधीचं आहे. बॉडीचे दोन अर्धे जोडून किमान दोन दिवस तसेच ठेवा, मग 600, 800, 1000, 2000 असं ओला करून घासत जा, प्रत्येक नंबरनं आधीच्या नंबरचे ओरखडे जाईपर्यंत. सांध्यावरून आडवं नख फिरवा, अडकलं तर अजून काम बाकी आहे. नंतर करड्या प्रायमरचा हात द्या आणि टेबल लॅम्प बाजूनं आडवा धरून बघा. जे काही राहिलंय ते तेव्हा दिसेल, आणि काही ना काही राहिलेलं असतंच.

त्यावर ग्लॉस काळा, आरशासारखा झाला पाहिजे, आणि मग लॅकर चांदी (लॅकर म्हणजे तीव्र वासाच्या थिनरमधला रंग), अगदी पातळ हात. काळ्यावरच चांदीला खरी खोली येते.

आणि हार्डवेअरमधलं एनसी थिनर प्लॅस्टिकवर अजिबात नको, पॉलिस्टायरिन विरघळतं. ब्रश धुवायला वापरा हवं तर.

जुळेसोलापूरची_ताई

मी पण सोलापूरचीच, जुळे सोलापूरला राहते, नऊ वर्षं झाली ह्या छंदाला. पुण्याच्या दादांनी रंगाचं शास्त्र बरोबर सांगितलंय पण पुण्यात बसून आपल्या इथल्या हवेचा अंदाज येत नाही म्हणून थोडं इथलं सांगते.

एप्रिल-मेमध्ये रंगाचं काम फक्त पहाटे. साडेपाच ते सात. तेव्हा हवा त्यातल्या त्यात गार असते आणि महत्त्वाचं म्हणजे तुमच्या शेजारचे लूम नुकते सुरू होत असतील, तूस अजून वर उडालेलं नसतंय. आदल्या रात्री खोलीची फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, रंगाला बसायच्या आधी पुन्हा एकदा पुसा, पंखा बंद, खिडकी पाच मिनिटं उघडी ठेवून मग लावून घ्या. अंगात सुती बनियन, खांद्यावर टॉवेल नको, तूस तिथूनपण पडतंय. आणि रंग मारून झाला की लगेच वर डबा पालथा घालायचा. माझ्याकडं कडक भाकरीचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे, खाली दोन काड्या ठेवते म्हणजे थोडी हवा खेळती राहती, रात्रभर तसंच. हा डबा आला तेव्हापासून रंगात तूस चिकटायचं थांबलंय.

दुसरं, कूलर. उन्हाळ्यात आपण सगळेच कूलर लावून बसतो, पण लॅकर रंग मारताना कूलर चालू असेल तर हवेतला ओलावा रंगावर बसून पांढरट झाक येती. माझं सेबर विमानाचं एक अख्खं मॉडेल त्यात गेलं होतं. ॲक्रिलिकला कोरडी हवा त्रास देती आणि लॅकरला ओली, म्हणून दोन्हीचं वेगळं बघायचं.

तिसरं पाणी. डिकल बोअरच्या पाण्यात भिजवू नका, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार लई, वाळलं की डिकलच्या कडेनं पांढरे डाग उमटतात आणि चांदीवर तर लगेच दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, एक बाटली वर्षभर पुरते. डिकलखाली पांढरं चमकतं ते वेगळं, मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतोय, त्याच्या खळग्यात हवा अडकती आणि तीच चमकती. म्हणून डिकल कायम ग्लॉसवर. तुमच्या मिगवर तर तो रवा होता, मग हवा अडकणारच. अजून सुधारायचं असेल तर चमकणाऱ्या जागी बारीक सुईनं टोचून डिकल सेटिंगचं लिक्विड सोडा, बरंच जातं.

कॅनोपीला फेविकॉल, साधा पांढरा. फेविक्विकची वाफ निघते आणि काचेसारख्या प्लॅस्टिकवर पांढरी बसते, सगळ्यांचं एकदा होतंच. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो आणि बाहेर आला तर ओल्या फडक्यानं पुसता येतो.

एक सांगायचं राहिलं, घरात लॅकर मारणार असाल तर देवघरातली समई, गॅस सगळं बंद करून, आणि वाफ अडवणारं फिल्टरचं काडतूस लावायचा मास्क घालूनच. कापडी मास्कनं वाफ अडत नाही. घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी त्याला दुसरीकडं पाठवा.

ओझरवाला

मी एअरफोर्समधून सार्जंट म्हणून रिटायर झालो. माझा काळ नॅटनंतरचा, पण आमचे सिनिअर नॅटवाले होते आणि त्यांच्या तोंडून ह्या विमानाबद्दल इतकं ऐकलंय की हा धागा बघून राहवलं नाही.

भाचेसाहेब, मामांचा तो फोटो हाच तुमचा सगळ्यात मोठा रेफरन्स आहे. मोठा करून प्रिंट काढा आणि टेबलावर समोर लावा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत उघडी धातू एकसारखी दिसत नाही, एक पत्रा उजळ, शेजारचा थोडा काळपट, मागं जेटपाइपजवळ, म्हणजे इंजिनाच्या गरम झोताच्या तोंडाशी, तापून गडद झालेला. हे शेड फोटोत दिसत असतील तर पेन्सिलनं प्रिंटवर खुणा करून घ्या आणि रंगात तेच द्या. इंटरनेटवरच्या म्युझियमच्या फोटोवर जाऊ नका. पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये नॅट आहे, जमलं तर जरूर जाऊन बघा, पण म्युझियमचं विमान रंगवून उभं केलेलं असतं, लाइनवरचं विमान तसं नसतं.

म्हणूनच पुण्याच्या मित्राशी एका गोष्टीत माझं जमत नाही. काळ्या ग्लॉसवर चांदी मारली की क्रोमसारखं दिसतं, आरसा. रोज उडणारं विमान आरशासारखं कधीच नसतं, त्यावर तेलाचे हात, बुटांचे ठसे, धूळ. आणि आकारपण बघा, नॅटचा पंखविस्तार खऱ्यात 6.73 मीटर, 1/72 मध्ये साडेनऊ सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, तळहातावर मावेल. एवढ्याशा वस्तूवर आरसा केला की खेळणं वाटतं. ग्लॉस करड्यावर ॲल्युमिनियम शेड मारा.

आणि नोज व्हीलचं, म्हणजे नाकाखाली चाक असलेलं विमान आहे हे विसरू नका. स्पिटफायर, मस्टँग शेपटीवर बसतात म्हणून तुम्हाला तिथं हा प्रश्न आला नाही, पण नॅटच्या नाकात वजन घातलं नाही तर ते मागं शेपटीवर बसणार. नाकात जागा फार कमी असते, कॉकपिटच्या खाली आणि मागंपण भरावं लागेल.

मामांना माझा नमस्कार सांगा. 1965 मध्ये ह्याच छोट्या विमानानं पाकिस्तानची सेबर विमानं पाडली आणि 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों ह्यातच बसून एकटे लढले, परमवीरचक्र मिळालेले एअरफोर्सचे ते एकमेव. पण ते विमान रोज सकाळी उडायला तयार करणारे हात तुमच्या मामांसारख्यांचे होते.

पुणेरी_बहात्तर

काका, तुमचं पटलं. काळा बेस मी मस्टँगसारख्या पॉलिश केलेल्या विमानांना वापरतो, इथं करडाच बरा. ग्लॉस मात्र हवाच, तिथं तडजोड नको.

वजनाला मासे धरायच्या जाळ्याची शिशाची गोळी मिळते, हातोडीनं चपटी करून तुकडे करता येतात. पण ती फेविकॉलनं चिकटवू नका, शिसं आणि फेविकॉल ह्यांचं वर्षा-दोन वर्षांत जमेनासं होतं, शिसं पांढरं पडून फुगतं आणि आतून सांधा उकलतो. अराल्डाइट वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा. पुरेसं वजन झालं का ते बघायला बॉडी आणि पंख टेपनं नुसते धरून मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल ठेवायची, नाक खाली गेलं पाहिजे, आणि नुसतं जेमतेम नाही, चांगलं जोरात खाली गेलं पाहिजे, नंतर शेपटीकडं रंगाचं आणि पुट्टीचं वजन वाढतं.

पिना नाहीत त्यावर उपाय सोपा आहे. जुन्या स्प्रूची, म्हणजे किटचे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला लागून येतात तिची, किंवा प्लॅस्टिक शीटची छोटी पट्टी कापून एका अर्ध्याच्या आतल्या कडेला अशी चिकटवा की निम्मी बाहेर राहील, अशा पाच-सहा. दुसरा अर्धा त्यावर सरकून बरोबर बसतो. कपड्याचे चिमटे आणि रबरबँड धरायला.

अक्कलकोटरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुम्ही गावातल्याच निघालात हे तर लईच भारी.

दोन आठवडे काम चाललंय, कुठवर आलोय ते सांगतो. मिगचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं उतरवला, मेडिकलमध्ये मिळालं, आणि आता सगळी प्रॅक्टिस त्याच्यावर करतोय. पहाटे सहा वाजता, 15 पीएसआय, हाताची वीत पण नाही एवढ्या जवळून, रिटार्डर दोन थेंब. पहिल्यांदाच रंग ओला पडताना दिसला, एक क्षण चमकला आणि मग डोळ्यासमोर हळूहळू मॅट होत गेला. बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत. बायकोला उठवून दाखवलं.

नॅटची बॉडी जोडली, पट्ट्या लावून. कॉकपिटच्या मागं शिसं बसलं, नाकात दोनच तुकडे गेले. पेन्सिलवर ठेवलं की नाक खाली जातंय. वरचा सांधा छान झाला, नख कुठंच अडकत नव्हतं म्हणून मी खूश होतो, आणि काल प्रायमर मारून लॅम्प आडवा धरला तर डाव्या इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडाच्या, खालच्या बाजूला केसाएवढी फट. नखाला लागत नव्हती, डोळ्याला करड्यावर काळी बारीक रेघ दिसत होती, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी लांब. स्प्रूचे बारीक तुकडे जोडणीच्या पातळ ग्लूमध्ये विरघळवून ते पाक टूथपिकनं भरलंय, ते आटून खाली बसतं म्हणून दोन दिवसांनी घासणार.

एक प्रश्न राहिला. वेगवेगळ्या शेडचे पत्रे करायचे तर चांदीवर टेप लावावी लागणार, चांदी उखडून येणार नाही का? टेपचीच मला सगळ्यात भीती बसलीय.

जुळेसोलापूरची_ताई

येऊ शकते, म्हणून घाई करायची नाही. लॅकर चांदी असली तरी एक अख्खा दिवस वाळू द्या. टेप मॉडेलसाठीची पिवळी आणा, आणि तीसुद्धा लावायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूला दोन-तीनदा चिकटवून काढा म्हणजे चिकटपणा कमी होतो. काढताना वर ओढायची नाही, मागं स्वतःवरच दुमडत अगदी आडवी, सावकाश. हार्डवेअरवाली टेप भिंतीला ठीक आहे, तिचा गोंद आपल्या गरमीत वितळून रंगात उतरतो.

आणि पहिल्यांदा चांदी कुठली मारणार ते ठरवा. मी आधी अख्ख्या विमानाला मधली शेड देते आणि मग चार-पाच पत्रे किंचित गडद, त्याच चांदीत करड्याचा थेंब घालून. फरक एवढाच पाहिजे की विमान हातात फिरवलं तरच कळावा. जेटपाइपजवळ थोडा तपकिरी.

तांदळाच्या दाण्याएवढी फट तुम्ही सोडली नाही हे वाचून बरं वाटलं.

ओझरवाला

फोटोत मामा कुठल्या बाजूला उभे आहेत? कॉकपिटची कड त्यांच्या कुठं येतेय? नॅट फार बुटकं होतं, शेपटीसकट उंची अडीच मीटरच्या आत, फिटरला बरंचसं काम जमिनीवर उभं राहून करता यायचं. विचारायचं कारण असं की शेजारी एक माणूस उभा केलात तर विमान केवढं होतं ते बघणाऱ्याला लगेच कळेल. साडेपाच फुटी माणूस 1/72 मध्ये साधारण 23 मिलिमीटर. 1/72 म्हणजे एका इंचाला सहा फूट, त्यामुळं हिशोब सोपा पडतो.

अक्कलकोटरोडकर

काका, खांद्याला कड येतेय, बरोबर. माणसाचं डोक्यातच आलं नव्हतं. करतो.

अक्कलकोटरोडकर

झालं मंडळी. काल मामांना दिलं.

चांदी तिसऱ्या प्रयत्नात मनासारखी झाली, पहिल्या दोन वेळा पंखावर ओरखडे दिसले, 2000 नं पुन्हा घासून पुन्हा प्रायमर. टेपनं एकदाही रंग आला नाही ताई, हाताच्या मागं चिकटवून घ्यायची सवयच लागलीय आता. राउंडेल, म्हणजे एअरफोर्सची गोल चिन्हं, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून थेट ग्लॉसवर लावले, बाहेरचा केशरी, मधला पांढरा, आतला हिरवा, कडेला कुठं पांढरं चमकत नाही. अँटेनाची तार स्प्रू मेणबत्तीवर तापवून ओढून केली आणि ढिली पडली ती उदबत्तीचं पेटतं टोक जवळ नेऊन ताणली, हे कुठंतरी वाचलं होतं आणि खरंच झालं.

माणूस केला. दुसऱ्या किटमधला पायलट होता, त्याचं हेल्मेट घासून केस केले, ओव्हरऑलला निळसर करडा रंग दिला, एक हात कापून वळवला आणि पंखावर ठेवला.

मामांनी चष्मा पुसला आणि विमान खिडकीजवळ नेलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पहिलं बोट ठेवलं ते चाकांच्या दारांवर, म्हणाले हीच दारं अर्धी उघडली की हवेत वेग कमी करायचा एअरब्रेक व्हायची, वेगळे एअरब्रेक नव्हते ह्याला, त्यांच्या बिजागऱ्या बघायचं काम माझ्याकडं असायचं. मग म्हणाले, जमिनीवर उभं आहे ना, मग इनटेकची झाकणं कुठायत, आणि पिटोवरचं, वेग मोजायच्या नळीवरचं, लाल फडकं? झाकणं घातल्याशिवाय आम्ही लाइन सोडून जेवायला पण जायचो नाही.

तर आज रात्री लाल कागदाची दोन झाकणं कापतोय, प्रत्येकी चार मिलिमीटरसुद्धा नाहीत. पिटोच्या फडक्याला ताईंनी काही सुचवावं, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद चालेल का दुसरं काही?

जुळेसोलापूरची_ताई

तो कडक उभा राहतो, लोंबणार नाही. चहाच्या पुडीच्या आतला कागदपण नको. टिश्यू पेपरचा एकच पदर सोडवून घ्या, पातळ फेविकॉलमध्ये भिजवा, ओला असतानाच पिटोवर टाकून खाली लोंबू द्या आणि वाळल्यावर लाल करा. दोन मिलिमीटर रुंद पुरे. झाल्यावर फोटो टाका, मामांचा तो जुना फोटोपण शेजारी ठेवून.